रिकामा झोका

१

करंजपाड्याच्या नव्या बागेत अजून एकाही पोराने घसरगुंडीवर चड्डी फाडली नव्हती, आणि त्याआधीच तिथे रक्त सांडलं.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. स्नेहल शहापुरातल्या खोलीवर सकाळचा चहा गाळत होती, तेवढ्यात ग्रामपंचायतीतून फोन आला.

"मॅडम, असाल तशा निघा. आपल्या काळूरामनं शेखरचं डोकं फोडलं. वरवंट्यानं!"

चहा कपात पडायचा तो ओट्यावर पडला. काळूराम? बागेचा राखणदार? रोपाच्या आळ्यात पाणी घालताना गांडूळ दिसलं तर त्याला उचलून बाजूला ठेवणारा माणूस तो! तिचा कानांवर विश्वास बसेना.

गावोगावच्या पंचायतींना बागा, मैदानं, म्हाताऱ्यांचे कट्टे आखून द्यायचे, हे स्नेहलचं काम. शहापूर-मुरबाडकडची बरीच गावं तिने पालथी घातली होती, पण सापगावच्या पुढचा हा करंजपाडा तिचा खास लाडका. इथे ती बायकांबरोबर नळावर बसली होती, पोरांना जमिनीवर खडूने चित्रं काढायला लावली होती. "गावाला विचारल्याशिवाय मी एक खुंटीसुद्धा ठोकत नाही," असं ती चारचौघांत जरा तोऱ्यातच सांगायची.

ती पोचली तेव्हा धुकं पुरतं विरलं नव्हतं. झोक्यांच्या रांगेत शेवटी तान्ह्या पोरांसाठीचा झोका होता. खोलगट टबासारखी बैठक, पाय बाहेर काढायला खाली दोन भोकं. त्याच्यासमोर थोड्याच अंतरावर तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या आतल्या गवतावर काळपट लाल डाग. तिथली खालची तार कुणीतरी वर वाकवली होती. माणूस ओणवा होऊन शिरेल एवढी फट. फटीच्या पलीकडे शेखरची डब्याची पिशवी तशीच पडली होती. त्यापलीकडे रस्ता, आणि रस्त्यापलीकडे थेट शेखरचंच घर.

झोक्याखाली दवाने भिजलेली एक लाल कुंची पडली होती, तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घालतात तशी, जरीच्या काठाची. कुणा बाईच्या पोराची पडली असेल, म्हणून स्नेहलने ती पिशवीत टाकली. त्या घडीला तिचं लक्ष कुंचीकडे कशाला असणार?

हवालदारांनी वरवंटा गोणपाटात गुंडाळून ठेवला होता.

"शेताकडे निघालेल्या दोन बायकांनी डोळ्यांनी पाहिलंय," ते म्हणाले. "शेखर खाली पडलेला, आणि हा वरवंटा हातात घेऊन उभा. काल संध्याकाळी दोघांची जुंपली होती, ते तर अख्ख्या गावानं ऐकलंय. दुपारी आमची जीप आली की याला नेणार."

"आणि शेखर?"

"दवाखान्यात नेलाय, बेशुद्ध आहे. शुद्धीवर नाही आला, तर कलम बदलेल. कोणतं ते तुम्हाला सांगायला नको."

२

काळूरामला पंचायतीच्या मागच्या खोलीत बसवलं होतं. दाराबाहेर त्याची बायको मैना उभी होती, आणि तिच्या कडेवर, पोर घ्यावं तसा, घरचा वरवंटा होता.

"ह्यो बघा मॅडम, आमचा वरवंटा घरातच हाय! सगल्यांना दाखवतेय, कोन बघतच नाय." वजनाने बाई वाकली होती, पण तो खाली ठेवायला तयार नव्हती.

आत काळूरामने स्नेहलला पाहिलं आणि त्याचा बांध फुटला.

"मी नाय मारला, मॅडम. गावदेवीची आन! माझा हात झडंल खोटा बोललो तर."

"भांडण कशावरून झालं होतं?"

"काल सांजच्याला शेखर आलता. बोलला, ह्यो बारका झोका रातचा वर बांधून ठेव. मी बोललो, मॅडमनी सांगितल्याबिगर मी कशाला हात नाय लावनार. त्यो तावला. बोलला, बांध, नायतर बघून घेईन. मला ढकलला, मीबी ढकलला. झाला."

"का बांधायचा, ते नाही सांगितलं?"

"नाय. लाजल्यावानी करत व्हता."

शेखर कल्याणकडच्या कंपनीत फिटर होता, पहाटेची लोकल पकडायचा. शिकलेला, हसतमुख. एका झोक्यासाठी त्याने शेजाऱ्याच्या छातीवर हात टाकावा, हे स्नेहलला पटेना.

"आणि आज सकाळी?"

"रोजच्यावानी झोके तपासत व्हतो, तुमी शिकवला तसा."

ते तिनेच शिकवलं होतं. पोरं यायच्या आत प्रत्येक झोका अंगातलं बळ लावून ढकलायचा, पार आडव्या दांडीच्या उंचीला जाईस्तोवर. वर साखळी ढिली पडते, मग खाडकन ताणली जाते, त्या हिसक्याला कडी टिकली म्हणजे पोराच्या वजनाला टिकेलच.

"धुका असला, का हात समोरचा दिसंना. बारका झोका जरा जड लागला. काल पायपानं समदा धुतलाय ना, पानी साचला असंल. जोर करून दिला ढकलून न् पाठ फिरवली. तर धप्प आवाज झाला. मला वाटला, मोहावरनं माकड उतरला. मंग कोनतरी कन्हला."

"वरवंटा कशाला उचललास, काळूराम?"

"त्याच्या मानंवर व्हता तो, मॅडम! काढू नको?" तो आपल्या हातांकडे बघत राहिला. "तेवढ्यात बायका आल्या न् बोंब मारली."

स्नेहल बाहेर आली. त्याच्या बोलण्यातलं काहीतरी तिच्या मनात खड्यासारखं टोचत होतं, पण नेमकं काय, ते सापडेना.

३

शेखरशी वाकडं असलेले गावात आणखी दोघे होते.

पहिला ओमकार, क्रिकेट टीमचा कॅप्टन. बागेने त्यांचं पिच अर्धं गिळलं, आणि ग्रामसभेत बागेच्या बाजूने सगळ्यात मोठा आवाज शेखरचाच होता. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद.

"राग हाय, खोटा कशाला बोलू?" ओमकार म्हणाला. "पण मी भरतीची तयारी करतोय, मॅडम. पहाटे आमी पोरा रोडवर पळत व्हतो, सापगावच्या फाट्यापर्यंत. दूधवाल्यालाबी विचारा." दूधवाल्याने मान डोलावली. वर, पोरं रस्ता अडवून पळतात अशी तक्रारही केली.

दुसरा भावेश, मुरबाडचा ठेकेदार. त्याने झोक्यांना बारीक बोल्ट मारले होते. शेखरने ते पाहताक्षणी ओळखले आणि स्नेहलला दाखवले; भावेशला सगळे बदलावे लागले. आता तो स्नेहलपुढे उभा होता आणि थंडीतही त्याच्या कपाळावर घाम होता. चोराच्या मनात चांदणं.

"मी कालच घरी गेलो होतो, मॅडम. आईशप्पथ."

"मग घामाघूम का झालायस?"

त्याने कुंपणाकडे एकदा पाहिलं आणि झटकन नजर काढून घेतली. स्नेहलने ती नजर पकडली. ती झोक्यापासून कुंपणापर्यंत चालत गेली आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. झोक्यासमोर किती जागा मोकळी सोडायची, हे तिने नकाशात ठळक रेघ मारून दिलं होतं. कुंपण त्याच्या निम्म्या अंतरावर उभं होतं!

"पुढं खडक लागला, मॅडम. खांब रोवायचे तर लई कुटाणा..."

"झोक्यातून पोर उडालं, तर तारेत जाऊन पडेल इथे! अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?"

भावेश लबाड होता, कामचुकार होता. पण गावातले सगळे सांगत होते की त्याची गाडी आत्ता, बोंब झाल्यानंतरच आली. वरवंट्याने डोकं फोडण्याइतके कष्ट तो घेईल, असंही वाटेना.

दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. शेखर अजून बेशुद्धच होता. स्नेहलने जखमेचं विचारलं.

"बरोबर टाळूवर आहे," डॉक्टर म्हणाले. "समोरून नाही, मागून नाही. माळ्यावरून काही अंगावर पडलं, की पेशंट असे येतात."

शेखर चांगला ताडमाड, आणि काळूराम त्याच्या खांद्याला लागणारा. त्याने टाळूवर घाव घालायचा तर स्टुलावरच चढायला हवं होतं. आणि त्या गवतावर माळा कुठला? वर होतं ते नुसतं आभाळ.

४

शेखरच्या घरी ओटीवर त्याची आई धोंडीबाई गुडघा धरून बसली होती. चुलते शेखरबरोबर गेले होते. म्हातारी मागे थांबली होती ती सुनेसाठी. सून संजीवनी आत भिंतीला टेकून बसलेली. तिचे दिवस भरत आले होते, डोळे रडून सुजले होते.

स्नेहल दाराशी टेकली. अशा वेळी माणूस उगाच इकडेतिकडे बघतं, तशी ती बघत राहिली. कोपऱ्यात चूल, चुलीशेजारी पाटा, पाट्यावर ओढ्यातला एक ओबडधोबड गोटा, त्याला कालची वाटलेली मिरची चिकटलेली. उघड्या दारातून समोर बाग, आणि बरोबर मधोमध तो छोटा झोका.

"शेखर तिथं कशाला गेला होता, आजी? स्टेशनचा रस्ता तर इकडून आहे."

"मला काय ठाव?" धोंडीबाई पटकन म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "तुमी ते झोके बांधून का नाय ठेवत गो? वारा सुटला का रिकामेच हलतात. दारात बसला का समोर तेच."

"कुरकुर आवाज होतो का? तेल घालायला सांगते."

म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं शहाण्यासुरत्या माणसाने वेड्यागत काही विचारावं.

संजीवनीने आतून हळूच सांगितलं, "आमचा पाळना दोनदा माळ्यावरनं खाली काढला, ताई. दोनदा रिकामाच वर ठेवला. आता तिसऱ्यांदा..."

काहीतरी करायचं म्हणून स्नेहलने पिशवीतून रुमाल काढला, तर रुमालाबरोबर ती लाल कुंची बाहेर आली.

"अगंबाई, ही बागेत सापडली. कुणाच्या बाळाची..."

"आई," संजीवनी ताडकन सरळ बसली, "ही तर मी शिवलेली..."

"गप ऱ्हा!" धोंडीबाई ओरडली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आमची नाय ती. आमच्या घरात बाळ हाय कुठं?"

५

खरंच की! घरात बाळ नव्हतं. आणि बाग तर अजून उघडलीच नव्हती, तिथे कुणी बाळ कशाला आणेल?

स्नेहल रस्त्यात येऊन उभी राहिली. डोंगराकडून वारा सुटला होता. समोरचा झोका रिकामाच हलायला लागला, पुढे, मागे, पुढे, मागे. आणि तिला एकदम आपली आई आठवली. लहानपणी शेजारच्या घरातला रिकामा पाळणा तिने गंमत म्हणून हलवला होता, तेव्हा आईने खाडकन हातावर फटका मारला होता. रिकामा पाळणा हलवू नये, बाळाला बाधतं! म्हणून तर बारशाला पाळण्यात आधी वरवंटा निजवतात. बाळासारखा सजवून. कुंची घालून!

मनात टोचणारा खडा आता हातात आला होता. झोका पाण्याने जड झाला, म्हणे! त्या बैठकीला पाय काढायची दोन भोकं होती, पाणी साचणार कुठे? ओंजळभरसुद्धा राहिलं नसतं.

ती जवळजवळ पळतच पंचायतीत गेली.

"काळूरामला पाच मिनिटं बागेत आणा," तिने हवालदारांना सांगितलं. "नंतर काय न्यायचं ते न्या. मैना, तुझा वरवंटा दे."

"घ्या एकदाचा!" मैना म्हणाली आणि कंबर धरून खाली बसली.

बघता बघता गाव जमलं. स्नेहलने वरवंट्याला ती लाल कुंची घातली आणि तो झोक्यात आडवा ठेवला. भोकांतून तो खाली पडत नव्हता, मजेत बसला होता. समोरच्या सगळ्यांना तिने हात धरून धरून लांब केलं.

"काळूराम, सकाळी ढकललास तसाच ढकल. तेवढ्याच जोरात."

त्याने ढकलला. झोका गेला, आला. वरवंटा आतच.

"तमाशा चाललाय," मागून कुणीतरी पुटपुटलं. हवालदारांनी घड्याळ पाहिलं.

"सकाळी असाच ढकलला होतास?"

"नाय. दोनदा हलका, मंग जोरात."

"मग कर की तसं!"

काळूरामने पाय रोवले आणि सगळं अंग झोकून रेटा दिला. झोका दांडीच्या उंचीला गेला. साखळी ढिली पडली, खाडकन ताणली गेली, आणि त्या हिसक्यासरशी वरवंटा आभाळात उडाला. कुंची सुटून झोक्याखाली पडली. वरवंटा कुंपणापाशी आदळला, धप्प! गवतावरच्या त्या काळ्या डागापासून हातभर अंतरावर.

ओमकारने आपोआपच स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला. हवालदार तोंड उघडं टाकून वर बघत होते, जणू आभाळातून आणखी काही पडणार आहे.

"शेखर या फटीतून ओणवा होऊन आत शिरत होता," स्नेहल म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटत होता. "म्हणून घाव टाळूवर. भावेशनं कुंपण नकाशाप्रमाणे घातलं असतं, तर वरवंटा रिकाम्या गवतावर पडला असता. शेखरला कुणी मारलं नाही, साहेब. पण हा वरवंटा झोक्यात निजवला कुणी, ते..."

"मी!" रस्त्यापलीकडून किंकाळी आली. धोंडीबाई गुडघा ओढत येत होती. "मी निजवला गो! माझाच हाय तो वरवंटा!"

ती कुंपणाची तार धरून खाली बसली.

"रोज सांजच्याला ठेवायची न् पहाटं काढून न्यायची, ह्यो काळ्या यायच्या आत. आज गुडघा उचलंना. शेखरला बोलली, जाता जाता तेवढा उचलून आन रे बाबा. त्यो लाजायचा. बोलायचा, आई, हसतील लोक. पन बायकोपायी गेला."

"मंग सकाळपासून बोलली का नाय, काकी?" मैनाचा आवाज फाटला. "माझ्या घोवाला बेड्या पडत व्हत्या!"

"काय बोलू? कुंची घातलेला धोंडा पोरांच्या झोक्यात! अजून बाग उघडली नाय, त्याच्या आत. चेटकीन बोलला असता गाव मला. न् मला..." तिने काळूरामकडे पाहिलं. "मला वाटला, तूच त्यो उचलून मारलास. कालचा राग काढलास. देवाशपथ मला तसाच वाटला रे."

नातवाला राखायला ठेवलेला दगड त्याच्याच बापाच्या डोक्यात बसला होता. जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. भल्याभल्यांना तिच्याकडे बघवेना.

६

"जा रे, घरी जा," हवालदार काळूरामला म्हणाले. मैना रडत हसत त्याचा दंड ओढायला लागली. कुणी पाठ थोपटली, कुणी तंबाखू पुढे केली.

काळूराम हलला नाही. तो झोक्याकडे बघत होता.

"म्हंजे मीच," तो म्हणाला.

"काय तू?"

"मीच ना, मॅडम? ह्याच हातांनी ढकलला. मी गावदेवीची आन घेतली, नाय मारला बोललो. न् मीच मारला."

त्याला सोडवायला म्हणून स्नेहल सकाळपासून धावत होती. सोडवलं, आणि हे त्याच्या पदरात टाकलं. तो ज्या रीतीने ढकलत होता, ती रीत तिची होती. तो झोका बरोबर त्या दारासमोर तिनेच आखला होता. हे सगळं त्याला सांगायला ती पुढे झाली.

तेवढ्यात चुलत्यांचा फोन आला. हवालदारांनी तो मोठ्याने लावला.

"डोळं उघडलंन! वळखतोय! बोलतोय, वरवंटा घरी न्या, आई वाटन कशानं वाटंल?"

संजीवनी दाराच्या चौकटीला धरून ढसाढसा रडली. बायकांनी तिला सावरलं. धोंडीबाई मात्र जागची उठेना. "मी कंच्या तोंडानं जाऊ त्याच्या म्होरं?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

शेवटी काळूरामच उठला. तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"चल गो काकी. मलाबी त्याच्या म्होरं जायचाच हाय. दोघा जाऊ."

म्हातारीने त्याचा हात धरला. सकाळी वरवंट्यासकट पकडला होता, तोच हात. ओमकारने पळत जाऊन रिक्षा आणली, आणि दोघांना घेऊन ती सापगावच्या रस्त्याला लागली. गाव पांगलं. मैनाने आपला वरवंटा पुन्हा कडेवर घेतला.

स्नेहल एकटी उरली. तिने करंजपाड्याला सगळं विचारलं होतं: घसरगुंडी कोणत्या रंगाची, कट्ट्याला पाठ हवी की नको. आणि एवढ्याशा गोष्टीसाठी शेखरला लाजत लाजत राखणदाराकडे जावं लागलं होतं.

पुन्हा वारा आला. झोका रिकामाच हलायला लागला. समोरच्या दारात संजीवनी पोटावर हात ठेवून उभी होती, आणि तिची नजर झोक्याबरोबर पुढेमागे होत होती.

स्नेहलने झोका हाताने थांबवला. साखळी दांडीवरून टाकून बैठक वर घेतली, गळ्यातली ओढणी काढली आणि घट्ट गाठ मारून तो बांधून टाकला. शेखरने काल एवढंच मागितलं होतं.